बालसेविका प्रशिक्षण

बालसेविका प्रशिक्षण : जन्मापासून सहा वर्षे वयापर्यंतच्या मुलांचा दिवसातील काही काळ घराबाहेर सांभाळ करणाऱ्या संस्थांतील सेविका, मदतनीस, शिक्षिका व पर्यवेक्षिका यांना त्या कामासाठी देण्यात येणारे शास्त्रोक्त शिक्षण. पाळणाघर, शिशुगृह, बालवाडी व अंगणवाडी ही अशा संस्थांची महाराष्ट्रातील रूढ नावे होत. या संस्थांत मुलाचा कुटुंबाशी असलेला संबंध कायम राहतो. संस्था केवळ आईवडिलांच्या अनुपस्थितीत त्यांची जागा काही तासांपुरती घेते. अनाथ वा निराधार मुलांसाठी असलेली बालगृहे यांहून वेगळी असून त्यांची नोंदणी बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये केली जाते. त्यांतील कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा विचार प्रस्तुत नोंदीत केलेला नाही.

अनेक पाश्चात्त्य देशांत मुले सांभाळण्याच्या व्यवसायासाठी शासनाचा परवाना लागतो व सेविकांचे प्रशिक्षण ही त्या परवान्याची एक अट असते. भारतात सर्व प्रकारच्या बालसंगोपन संस्थांना लागू होईल असा एकच परवाना कायदा नाही. प्रशिक्षणाची अट निरनिराळे कामगार कायदे, शासकीय योजना व शिक्षकशिक्षणाचे विनियम यांत विखुरलेली आढळते. त्यामुळे एकाच वयाच्या दोन मुलांना सांभाळणाऱ्या सेविकांच्या तयारीत, ती मुले कोणत्या संस्थेत आहेत यावरून, फार मोठा फरक पडतो.

आवश्यकता : मूल सांभाळणे ही स्त्रीला उपजत येणारी गोष्ट असून तिच्यासाठी वेगळ्या शिक्षणाची गरज नाही, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता व तो अद्याप पूर्णपणे नाहीसा झालेला नाही. स्वतःचे एक मूल घरी वाढविणे आणि इतरांची वीस-पंचवीस मुले एका खोलीत सांभाळणे या दोहोंत मात्र मूलभूत भेद आहे. एकत्र राहणाऱ्या लहान मुलांत अतिसार, गोवर, श्वसनमार्गाचे संसर्ग इ. विकार झपाट्याने पसरतात. तान्ह्या मुलास आपले दुखणे सांगता येत नाही. ते सांभाळणाऱ्या व्यक्तीने लक्षणांवरून ओळखावे लागते. एखादे मूल हसतेखेळते दिसत असूनही लागोपाठ दोन-तीन महिने त्याचे वजन वाढलेले नसते. ही गोष्ट वृद्धिपत्रक वाचता येणाऱ्या सेविकेच्याच ध्यानात येते आणि ती वेळीच ध्यानात आली, तर तीव्र कुपोषण टळू शकते. याच वयात भाषा, स्नायूंवरील नियंत्रण, इतरांवरील विश्वास व कुतूहल यांचा पाया घातला जातो. मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षे वयापूर्वी होते, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये नमूद केले आहे. म्हणून बालसेविकेचे काम राखणदारीचे नसून आरोग्य, पोषण व शिक्षण या तिन्हींशी निगडित आहे.

इतिहास : बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाची कल्पना बालोद्यान पद्धतीबरोबरच उदयास आली. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल (१७८२–१८५२) याने १८४० मध्ये आपल्या संस्थेस ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत तरुण स्त्रियांना या कामासाठी तयार करण्याचे कार्य हाती घेतले. मारिया माँटेसरी (१८७०–१९५२) यांनी १९०७ मध्ये रोम येथील सान लोरेन्झो या श्रमिक वस्तीत पहिले बालगृह सुरू केले व १९०९ मध्ये शिक्षकांसाठी पहिला प्रशिक्षणवर्ग घेतला. इंग्लंडमध्ये रेचेल व मार्गारेट मॅकमिलन या भगिनींनी लंडनच्या डेटफर्ड भागात गरीब मुलांसाठी उघड्या हवेतील शिशुशाळा चालविली आणि तिच्या अनुभवातून शिशुशाळा-शिक्षिकांचे स्वतंत्र महाविद्यालय १९३० मध्ये निघाले. सेविकेस बालमानसशास्त्राइतकेच स्वच्छता व आहार यांचे ज्ञान असले पाहिजे, हे तत्त्व या शिशुशाळेमुळे रूढ झाले.

भारतात गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) यांनी १९२० मध्ये भावनगर येथे दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर सुरू केले. त्यास जोडून शिक्षकांसाठी अध्यापन मंदिर निघाले. तेथे त्यांच्या सहकारी झालेल्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी त्यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. पुढे ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था काढली व मराठी भाषिक बालशिक्षिका तयार करण्याचे कार्य केले. १९३९ मध्ये माँटेसरी भारतात आल्या. मद्रासजवळील अड्यार येथे त्यांनी घेतलेल्या पहिल्या वर्गास सु. ३०० प्रशिक्षणार्थी उपस्थित होते. दुसऱ्या महायुद्धामुळे त्यांचा येथील मुक्काम लांबला आणि देशाच्या विविध भागांत त्यांच्या पद्धतीचा प्रसार झाला. १९४४ च्या सार्जंट अहवालाने शिशुशाळांत प्रशिक्षित स्त्रीशिक्षिकाच असाव्यात, अशी शिफारस केली.

या प्रयत्नांचा लाभ प्रामुख्याने शहरी मध्यमवर्गास मिळत होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी (तत्कालीन ठाणे जिल्हा, २०१४ पासून पालघर जिल्हा) येथे ग्राम बालशिक्षा केंद्र स्थापन केले. अनुताई वाघ (१९१०–९२) या त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य कोसबाड येथे वारली आदिवासींच्या पाड्यांत नेण्यात आले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांच्या अंगणात जावे, या विचारातून तेथे अंगणवाडीचा, तसेच गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळेचा प्रयोग करण्यात आला. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, बिया, खडे, पाने व माती यांचा उपयोग करण्यास सेविकांना शिकविण्यात आले. मुलांना आंघोळ घालणे, नखे कापणे, खरजेवर औषध लावणे ही कामेही सेविकेच्या शिक्षणाचा भाग मानण्यात आली. सेविका शक्यतो त्याच परिसरातील असावी व प्रशिक्षण तिच्या कामाच्या ठिकाणानजीक व्हावे, ही दोन तत्त्वे कोसबाडच्या कार्यातून पुढे आली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण व अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री हे किताब देण्यात आले.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय बालकल्याण परिषद (१९५२) व केंद्रीय समाजकल्याण मंडळ (१९५३) यांच्या साहाय्याने ग्रामीण भागात बालवाड्या निघाल्या. बालकल्याण परिषदेने तिसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या काळात (१९६१–६६) बालसेविकांसाठी दीर्घ मुदतीचे निवासी वर्ग चालविले. बांधकामावरील मजूर स्त्रियांच्या मुलांसाठी मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये दिल्लीत फिरती पाळणाघरे सुरू केली. १९७२ पासून मुंबईतही अशी पाळणाघरे चालू झाली. काम संपल्यावर वस्ती हलत असल्यामुळे पाळणाघरही हलवावे लागे. त्यामुळे त्यांच्या सेविकांना प्रत्यक्ष कामावरच शिक्षण देण्याची पद्धती विकसित करण्यात आली.

कायदेशीर तरतुदी : कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४८ अन्वये ठराविक संख्येहून अधिक स्त्री-कामगार असलेल्या कारखान्यात त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखून ठेवणे बंधनकारक होते. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या ५० वरून ३० वर आणण्यात आली. अशी खोली मुले व अर्भके यांच्या संगोपनाचे प्रशिक्षण घेतलेल्या स्त्रियांच्या देखरेखीखाली असली पाहिजे, असे त्या कलमात स्पष्ट म्हटले होते. मळे कामगार अधिनियम, १९५१. विडी व सिगार कामगार अधिनियम, १९६६ आणि इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ यांतही अशीच अट होती. तथापि प्रशिक्षण किती मुदतीचे असावे व ते कोणी द्यावे, हे मूळ अधिनियमांत सांगितलेले नव्हते. तो भाग राज्यांच्या नियमांवर सोपविलेला होता. घरी विड्या वळणाऱ्या स्त्रियांची मुले तर या तरतुदींच्या कक्षेबाहेरच राहिली.

मातृत्व लाभ (सुधारणा) अधिनियम, २०१७ ने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची जबाबदारी टाकली व आईस दिवसातून चार वेळा मुलास भेटण्याची मुभा दिली. पाळणाघरांची जागा, सुरक्षितता व सेविकांची पात्रता यांविषयीच्या किमान मार्गदर्शक सूचना केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केल्या. उपर्युक्त अधिनियम २०२० मध्ये संमत झालेल्या श्रमसंहितांत विलीन करण्यात आले असून त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यपरिस्थिती संहितेनुसार पाळणाघराची तरतूद आता केवळ स्त्री-कामगारांच्या संख्येवर अवलंबून नसून पन्नासाहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी करण्यात आली आहे. तिचा तपशील नियमांनी ठरवावयाचा आहे. मूल सांभाळणे ही केवळ आईची जबाबदारी नाही, हे तत्त्व यामुळे कायद्यात काही अंशी मान्य झाले. तथापि ‘प्रशिक्षित स्त्री’ ही जुन्या कायद्यांतील स्पष्ट अट नव्या नियमांत कितपत काटेकोरपणे टिकते, यावर या तरतुदीची गुणवत्ता अवलंबून राहील.

अंगणवाडी सेविकांचे प्रशिक्षण : एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. पूरक पोषण आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण या सहा सेवा तिच्यात एकत्र आणल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशानंतर तिचा विस्तार झाला. देशात मंजूर अंगणवाड्यांची संख्या सु. १४ लाख असून महाराष्ट्रात ती सु. १ लाख १० हजार आहे. बालसेविकांचा एवढा मोठा वर्ग जगातील फारच थोड्या देशांत आढळतो.

सेविका त्याच गावची वा वस्तीतील रहिवासी असावी, हा नियम प्रारंभापासून आहे. आरंभी शिक्षणाची अट शिथिल होती. महाराष्ट्रात २०२३ पासून सेविका व मदतनीस या दोन्ही पदांसाठी बारावी उत्तीर्ण ही किमान पात्रता ठरविण्यात आली आहे. प्रशिक्षणाचे स्थूलमानाने तीन प्रकार आहेत : नेमणुकीनंतरचे अल्पकालीन परिचयवर्ग, मुख्य कार्यप्रशिक्षण आणि ठराविक काळाने होणारे उजळणीवर्ग. योजनेच्या आरंभी कार्यप्रशिक्षण सु. तीन महिन्यांचे होते. पुढे ते कमी करून २६ कामाच्या दिवसांवर आणण्यात आले. हे वर्ग दीर्घकाळ मुख्यत्वे स्वयंसेवी संस्थांनी चालविलेल्या अंगणवाडी प्रशिक्षण केंद्रांत होत असत. पर्यवेक्षिकांसाठी मध्यम स्तरावरील केंद्रे होती, तर प्रकल्प अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण व अभ्यासक्रमांची आखणी १९६६ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या राष्ट्रीय लोकसहयोग व बालविकास संस्थेकडे होती. २०२५ मध्ये या संस्थेस सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. प्रशिक्षणाच्या सुधारणेसाठी १९९९ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘उदिशा’ हा कार्यक्रम हाती घेण्यात आला.

२०१८ मध्ये सुरू झालेल्या पोषण अभियानात एकवीस घटकांचा क्रमवार अभ्यासक्रम स्वीकारण्यात आला. त्यात सेविकांनी मासिक बैठकांत एकेक विषय शिकून तो लगेच गृहभेटींत वापरावा, अशी योजना आहे. १० मे २०२३ रोजी सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ या कार्यक्रमात शिक्षणावर भर देण्यात आला. २०२४ मध्ये जन्म ते तीन वर्षे या वयोगटासाठी ‘नवचेतना’ व तीन ते सहा वर्षे या वयोगटासाठी ‘आधारशिला’ हे राष्ट्रीय आराखडे प्रसिद्ध झाले. महाराष्ट्रात अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा मराठी अभ्यासक्रम तयार करण्यात आलेला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार बारावी उत्तीर्ण सेविकांना बालशिक्षणाचा सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम व त्याहून कमी शिक्षण असलेल्यांना एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम देण्याचे उद्दिष्ट आहे.

पूर्वप्राथमिक शिक्षिका : राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या विनियमांत पूर्वप्राथमिक शिक्षणाच्या पदविकेची मुदत दोन वर्षे असून प्रवेशासाठी बारावीची परीक्षा ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण असावी लागते. या अभ्यासक्रमात शाळेतील प्रत्यक्ष अनुभवास महत्त्वाचे स्थान आहे. खाजगी बालवाड्यांत ही पदविका नसलेल्या शिक्षिकांची नेमणूक मोठ्या प्रमाणावर होते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने खाजगी शिशुशाळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्यांत वीस मुलांमागे एक शिक्षिका व एक सेविका असे प्रमाण सुचविले आहे. मात्र त्यांची अंमलबजावणी राज्यांवर अवलंबून आहे.

अभ्यासक्रमाचे विषय : संस्थेचा प्रकार कोणताही असला, तरी चांगल्या प्रशिक्षणात पुढील विषय येतात : (१) बालविकास : वयानुसार हालचाली, भाषा, भावना व सामाजिक वर्तन यांत होणारे बदल व त्यांतील विलंब ओळखणे. (२) आरोग्य : लसीकरणाचे वेळापत्रक, हात धुण्याच्या वेळा, आजारी मुलाची तात्पुरती वेगळी व्यवस्था, अतिसारात जलसंजीवनीचे एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून देणे, तसेच मुलास तातडीने रुग्णालयात पाठविण्याची लक्षणे. (३) पोषण : स्तनपान, सहा महिन्यांनंतरचा पूरक आहार, वजन व उंची घेणे, दंडघेर मोजणे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर ११·५ सेंमी. पेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते. (४) सुरक्षितता : तान्ह्या मुलास उताणे निजविणे, घशात अडकतील असे बारीक पदार्थ दूर ठेवणे, पाणी, वीज व विस्तव यांपासून संरक्षण, प्रथमोपचार आणि मूल कोणाच्या ताब्यात दिले याची नोंद. (५) खेळ व शिक्षण : गाणी, गोष्टी, बडबडगीते, माती व पाणी यांचे खेळ, लेखनवाचनाची सक्ती न करता त्यांची पूर्वतयारी. (६) मुलाशी वर्तन : मारणे, धमकावणे वा कोंडणे यांस मनाई. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ नुसार अशा अपराधाची माहिती असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हे कर्तव्य सेविकेस ठाऊक असणे अत्यावश्यक ठरते. (७) पालक व समाज यांच्याशी संबंध आणि नोंदी ठेवणे. २०२१ पासून अंगणवाड्यांतील नोंदी भ्रमणध्वनीवरील ‘पोषण ट्रॅकर’मध्ये भरावयाच्या असल्याने त्याचेही शिक्षण द्यावे लागते.

व्याख्याने व पुस्तके यांच्यापेक्षा प्रात्यक्षिके, नकली प्रसंगांचा अभिनय व अनुभवी सेविकेच्या हाताखालील काम यांचा या क्षेत्रात अधिक उपयोग होतो. वजनकाटा शून्यावर आणणे किंवा रडणाऱ्या मुलास शांत करणे या गोष्टी वाचून येत नाहीत. आदिवासी भागांत भाषेचा प्रश्नही महत्त्वाचा असतो. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व पालघरमध्ये वारली बोलणाऱ्या मुलांशी प्रथम त्यांच्या भाषेत संवाद साधून हळूहळू मराठीकडे नेण्याचे कौशल्य सेविकेस शिकवावे लागते.

इतर देशांतील पद्धती : इंग्लंडमध्ये बालसंगोपन संस्थांची नोंदणी व तपासणी ‘ऑफस्टेड’ ही शासकीय यंत्रणा करते. दोन वर्षांखालील तीन मुलांमागे व दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक कर्मचारी असे किमान प्रमाण आहे. बालकांच्या प्रथमोपचाराचे पूर्ण प्रशिक्षण घेतलेली एक तरी व्यक्ती संस्थेत सदैव उपस्थित असावी लागते व त्या प्रमाणपत्राचे दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत परवान्याचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे करते. २०१४ च्या संघीय कायद्याने शासकीय साहाय्य घेणाऱ्या संस्थांतील कर्मचाऱ्यांना सुरक्षित निद्रा, प्रथमोपचार, संसर्ग-प्रतिबंध इ. विषयांचे प्रशिक्षण आवश्यक केले. तेथील ‘बालविकास सहयोगी’ या प्रमाणपत्रासाठी १२० तासांचे शिक्षण व ४८० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. या दोन्ही देशांत प्रशिक्षण, कर्मचाऱ्यांचे प्रमाण व तपासणी यांचा एकत्रित विचार केला जातो, ही गोष्ट लक्षणीय आहे. एकट्या सेविकेकडे चाळीस मुले सोपविल्यास तिच्या शिक्षणाचा उपयोग होऊ शकत नाही.

समस्या : भारतातील व्यवस्थेत काही उणिवा आहेत. पहिली, नेमणूक व प्रशिक्षण यांत पडणारे अंतर. सेविका आधी कामावर रुजू होते व नंतर सवडीने शिकते. त्यामुळे सर्वांत कठीण अशा आरंभीच्या महिन्यांत ती अप्रशिक्षितच असते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी या योजनेच्या परीक्षणात प्रशिक्षणातील तुटीकडे लक्ष वेधले आहे. दुसरी उणीव म्हणजे तीन वर्षांखालील मुलांकडे होणारे दुर्लक्ष. बहुतेक अंगणवाड्या दिवसातील काही तासच चालतात. मजुरीस जाणाऱ्या आईच्या तान्ह्या मुलाची सोय त्यात होत नाही व ते अनेकदा मोठ्या बहिणीकडे सोपविले जाते. परिणामी त्या बहिणीची शाळा सुटते. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली आलेल्या ‘पाळणा’ योजनेचा उद्देश ही उणीव दूर करण्याचा आहे.

तिसरा प्रश्न शहरांतील घरगुती पाळणाघरांचा आहे. ती बव्हंशी कोणत्याही नोंदणीशिवाय चालतात आणि ती चालविणाऱ्यांस कसलेही प्रशिक्षण घ्यावे लागत नाही. २०१६ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथील एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीस झालेली मारहाण चित्रीकरणामुळे उघडकीस आली, तेव्हा पाळणाघरांच्या नियमनाची मागणी महाराष्ट्रात जोराने पुढे आली. अशा वेळी छायाचित्रणयंत्रे बसविण्याचा उपाय प्रथम सुचविला जातो. त्यामुळे झालेला अपराध सिद्ध करता येतो; मात्र थकलेल्या व अशिक्षित सेविकेच्या हातून तो घडू नये, यासाठी प्रशिक्षण, मर्यादित मुले व पुरेशी विश्रांती यांचीच गरज असते.

चौथा प्रश्न सेविकांच्या दर्जाचा होय. अंगणवाडी सेविका मानसेवी समजली जाते व तिला वेतनाऐवजी मानधन मिळते. तिच्याकडे निरनिराळी सर्वेक्षणे व शासकीय मोहिमा यांचीही कामे येतात. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला आणि त्यांच्या कामाच्या स्वरूपाची दखल घेतली. प्रशिक्षणाची पातळी वाढविताना त्या प्रमाणात वेतन, बढती व सेवेची शाश्वती वाढली नाही, तर प्रशिक्षित स्त्रिया अन्य व्यवसायांकडे वळतात आणि त्यांच्यावर झालेला खर्च वाया जातो.

नेमणुकीपूर्वी किमान आरोग्य व सुरक्षिततेचे प्रशिक्षण, नेमणुकीनंतर पर्यवेक्षिकेच्या नियमित भेटी व उजळणीवर्ग, आणि शासकीय व खाजगी अशा सर्व संस्थांना लागू होणारी एकच किमान पात्रता, या दिशेने या क्षेत्रातील सुधारणा होणे आवश्यक आहे. दिवसभर कामावर असलेल्या आईस आपले मूल जाणत्या हातांत आहे अशी खात्री देणे, हेच या सर्व नियमांचे अंतिम प्रयोजन होय.